शुक्रवारपर्यंत : ‘बाय’ की ‘टिल’?
वाचकांचे प्रश्न – इंग्रजीतल्या छोट्या शब्दांविषयी

या वेळी आलेल्या प्रश्नांत एक गोष्ट ठळक दिसते. अवघड, लांबलचक इंग्रजी शब्दांनी फारसं कुणाला अडवलेलं नाही. ते कोशात सापडतात. अडवलंय ते बाय, सिन्स, अनलेस, द अशा एवढ्याएवढ्या शब्दांनी. त्यांचं काम मराठीत बहुधा नामाला चिकटलेला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय करतं आणि मराठीतल्या एकाच अव्ययाच्या जागी इंग्रजीत कधी दोन, कधी सहा वेगवेगळे शब्द लागतात. म्हणून उत्तरं देताना आम्ही जमेल तिथे मराठी अव्ययापासून सुरुवात केली आहे.

प्रश्न : मी एका कंपनीत हिशेब विभागात आहे. ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे’ असा मेल केला, तर साहेबांनी ‘टिल’ खोडून ‘बाय’ केलं. दोन्हींचा अर्थ ‘पर्यंत’च ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : साहेबांची दुरुस्ती बरोबर आहे. ‘पर्यंत’ मराठीत दोन निरनिराळी कामं करतो. ‘शुक्रवारपर्यंत मी नाशिकलाच आहे’ यात असणं सलग चालू राहतं आणि शुक्रवारी संपतं. ‘शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवतो’ यात पाठवणं एकदाच होतं. शुक्रवार ही त्याची शेवटची मुदत. पहिल्या कामाला इंग्रजीत ‘टिल’ किंवा ‘अनटिल’ लागतो, दुसऱ्याला ‘बाय’. तुमच्या मूळ वाक्यातून असा अर्थ निघतो, की शुक्रवार येईपर्यंत मी तो अहवाल पाठवतच राहणार आहे.

पारख करायची असेल तर ‘पर्यंत’च्या ऐवजी ‘उशिरात उशिरा’ घालून पाहा. ‘पैसे उशिरात उशिरा पाच तारखेला भरा’ हे वाक्य चालतं, म्हणून ‘पे बाय द फिफ्थ’. ‘दुकान उशिरात उशिरा नऊला उघडं असतं’ हे चालत नाही, म्हणून ‘द शॉप इज ओपन टिल नाइन’.

नकार आला की जास्त जपावं लागतं, कारण तिथे दोन्ही शब्द बसतात आणि अर्थ पार बदलतो. ‘द वर्क वोन्ट बी फिनिश्ड बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारची मुदत हुकणार. काम कधी होईल ते सांगितलेलं नाही. ‘द वर्क वोन्ट बी फिनिश्ड टिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारच्या आधी होणार नाही, शुक्रवारी होईल. पहिलं वाक्य वाचून ग्राहक चिडेल, दुसरं वाचून शुक्रवारी फोन करेल. मेल पाठवण्याआधी यातलं आपल्याला कोणतं म्हणायचंय ते ठरवा.

‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार धरलेला असतो, ‘बिफोर फ्रायडे’मध्ये नसतो, तिथे मुदत गुरुवारी संपते. वाद नको म्हणून बँका आणि सरकारी कार्यालयं ‘ऑन ऑर बिफोर’ लिहितात. तुम्हीही महत्त्वाच्या मुदतीला तेच लिहा, किंवा ‘बाय ५ पीएम ऑन फ्रायडे’ अशी वेळ घाला.

अंतर आणि प्रमाण यांचा ‘पर्यंत’ आणखी वेगळा. ‘देवळापर्यंत चालत गेलो’ याला ‘ॲज फार ॲज द टेंपल’, ‘पाच किलोपर्यंत’ याला ‘अप टु फाइव्ह केजी’. जाता जाता स्पेलिंगचं : ‘टिल’ हे ‘अनटिल’चं छाटलेलं रूप नाही. ‘टिल’ अधिक जुना आहे आणि त्यात दोन एल आहेत. ‘अनटिल’मध्ये शेवटी एकच.

प्रश्न : ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ यात नेमकं काय चुकतं? मुलाखतीत सगळेच असं बोलतात. – एक वाचक, लातूर

उत्तर : एका वाक्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही ‘पासून’मुळे होतात. ‘पाच वर्षांपासून’ आणि ‘२०१९ पासून’ दोन्हीकडे मराठीत एकच अव्यय. इंग्रजीत कालावधीची लांबी सांगायची तर ‘फॉर’ आणि सुरुवातीची खूण सांगायची तर ‘सिन्स’. पाच वर्षं, दोन तास, बराच काळ या मोजायच्या लांब्या आहेत : फॉर. २०१९, सोमवार, लहानपण, लग्न झालं तो दिवस या खुणा आहेत : सिन्स. ‘गेल्या वर्षापासून’ ही खूण म्हणून ‘सिन्स लास्ट इयर’. ‘गेलं वर्षभर’ ही लांबी म्हणून ‘फॉर द लास्ट इयर’. ‘सिन्स अ लाँग टाइम’ फार ऐकू येतं, पण लांबीला सिन्स लागत नाही.

दुसरी चूक क्रियापदाची. मराठीत ‘काम करतोय’ हा वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत मागे सुरू झालेली आणि अजून चालू असलेली गोष्ट ‘हॅव बीन’ने सांगतात. म्हणून ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ किंवा ‘सिन्स २०१९’. मुलाखतीतला ‘कधीपासून?’ हा प्रश्नही ‘फ्रॉम व्हेन’ने नाही, ‘हाउ लाँग हॅव यू बीन…’ असा येतो. तो ऐकल्यावर उत्तरात लांबी सांगायची.

मग ‘फ्रॉम’ कुठे? पुढे सुरू व्हायच्या गोष्टीला. ‘सोमवारपासून मी रजेवर आहे’ हे वाक्य मराठीत बुधवारी बोललं तरी चालतं आणि आधीच्या शुक्रवारी बोललं तरी चालतं. इंग्रजीत बुधवारी ‘आय हॅव बीन ऑन लीव्ह सिन्स मंडे’ आणि शुक्रवारी ‘आय विल बी ऑन लीव्ह फ्रॉम मंडे’. कार्यालयीन आदेशात दिसणारं ‘डब्ल्यूईएफ’ म्हणजे ‘विथ इफेक्ट फ्रॉम’. आदेश त्या तारखेपासून अंमलात येतो, मग आदेशावरची तारीख कोणतीही असो.

प्रश्न : ‘अनटिल ही डझ नॉट कम, आय विल वेट’ असं लिहिलं म्हणून गुण गेले. मराठीत तर ‘जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत’ असंच म्हणतात. – बारावीची एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : मराठी वाक्य अगदी बरोबर आहे आणि चूक तिथूनच आली आहे. ‘जोपर्यंत येत नाही’मधला ‘नाही’ हा तो येण्याआधीचा काळ दाखवतो. इंग्रजीतल्या ‘अनटिल’च्या पोटात तो ‘नाही’ आधीच आहे. वर आणखी ‘नॉट’ घातला की अर्थ उलटतो.

यावर मराठीतच उपाय आहे. आपल्याकडे तीच गोष्ट ‘नाही’शिवाय सांगायचं रूप आहे : ‘तो येईपर्यंत मी थांबते.’ आधी मनात वाक्य ‘-ईपर्यंत’ या साच्यात बसवा, मग इंग्रजी करा : ‘आय विल वेट अनटिल ही कम्स.’ दूध उकळेपर्यंत, पाऊस थांबेपर्यंत, निकाल लागेपर्यंत; एकाही रूपात ‘नाही’ नाही, म्हणून इंग्रजीतही येणार नाही. ‘कम्स’च्या जागी ‘विल कम’ लिहू नका. अनटिल, व्हेन, बिफोर, आफ्टर, इफ यांच्या मागोमाग येणाऱ्या उपवाक्यात भविष्यकाळाचा ‘विल’ येत नाही, मग मराठीत आपण ‘येईल तेव्हा’ म्हणत असलो तरी.

‘अनलेस’चंही असंच. ‘अनलेस यू डोन्ट पे’ हे चूक, कारण ‘अनलेस’ म्हणजेच ‘जर नाही’. इथे ‘-ल्याशिवाय’ हा साचा धरा : ‘पैसे भरल्याशिवाय पावती मिळणार नाही’, ‘अनलेस यू पे, यू विल नॉट गेट द रिसीट’. ‘भरल्याशिवाय’ला वेगळा नकार लागत नाही, तसाच ‘अनलेस यू पे’लाही.

तुमच्या पत्रात ‘ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट’ हेही वाक्य आहे. मराठीत जरी आला की तरी येतोच. जोडी मोडली तर वाक्य लंगडं वाटतं. इंग्रजीत दोघांपैकी एकच. ‘ऑल्दो’ ठेवला तर ‘बट’ काढा, ‘बट’ ठेवला तर ‘ऑल्दो’. ‘बिकॉज… सो’चंही तेच. आणि ‘डिस्पाइट ऑफ’ असा प्रयोग नाही : ‘डिस्पाइट द रेन’ किंवा ‘इन स्पाइट ऑफ द रेन’. ‘ऑफ’ फक्त दुसऱ्यात.

प्रश्न : ‘अ’ की ‘ॲन’ हे स्पेलिंगवरून ठरवलं की चुकतं. ‘यूपीएससी’ला ‘अ’ आणि ‘एमपीएससी’ला ‘ॲन’ का? – स्पर्धा परीक्षेचा एक उमेदवार, अमरावती

उत्तर : कारण हे कानावर ठरतं, अक्षरावर नाही, आणि मराठी माणसाच्या हातात यासाठी एक चांगलं साधन आहे : देवनागरी. तो शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहा. सुरुवातीला स्वर आला तर ‘ॲन’, व्यंजन आलं तर ‘अ’. यूपीएससी : य हे व्यंजन, म्हणून अ. एमपीएससी : ए हा स्वर, म्हणून ॲन. युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-वे, यूपीआय : अ. अवर, ऑनेस्ट, एक्स-रे, एफआयआर, आरटीआय, एलआयसी, एसटी, एनओसी : ॲन. आद्याक्षरांचा संच शब्द म्हणून वाचला जात असेल तर त्या शब्दाचा उच्चार धरा : एनओसीला ‘ॲन’, पण नाबार्डला ‘अ’, जरी दोन्ही एननेच सुरू होतात.

हे साधन दोन ठिकाणी फसतं. काही भागांत ‘येम.ए.’, ‘येफडी’ असा उच्चार ऐकू येतो; तो धरून लिहिलं तर उत्तर चुकेल, कारण प्रमाण इंग्रजीत तिथे ‘ए’ आहे. याउलट, वर्ष या अर्थाचा शब्द आपण ‘इयर’ लिहितो आणि कान या अर्थाचाही जवळजवळ तसाच. इंग्रजीत वर्षाच्या शब्दाला सुरुवातीला ‘यि’ असा स्पष्ट य आहे. म्हणून वर्षाला ‘अ’, कानाला ‘ॲन’. प्रश्नपत्रिकेत हा शब्द मुद्दाम घालण्याजोगा आहे, ध्यानात ठेवा.

मूळ रूप ‘ॲन’ हे आहे. एक या संख्येच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून ते आलं आणि व्यंजनापुढे त्यातला न गळून ‘अ’ उरला. या न्‌मुळे काही शब्दांची तोंडंही बदलली. ‘एप्रन’ हा शब्द आधी ‘नॅप्रन’ होता. ‘अ नॅप्रन’ बोलताना न पुढच्या शब्दातून सुटला आणि मागच्याला चिकटला. क्रिकेटमधल्या ‘अंपायर’चंही हेच झालं, त्याच्याही सुरुवातीला पूर्वी न होता.

प्रश्न : ‘द’ कुठे लावायचा याचा एकच नियम आहे का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : एकच नाही, पण एक प्रश्न बरंच काम करतो. तुम्ही नाम उच्चारल्यावर ऐकणारा ‘कोणतं?’ असं विचारेल का? विचारणार नसेल, त्याला आधीच ठाऊक असेल, तर ‘द’. ‘दार लाव’ म्हटल्यावर घरातलं कुणी ‘कोणतं दार?’ विचारत नाही : ‘क्लोज द डोअर’. ‘आंबे महागलेत’ यात सगळेच आंबे आले, विशिष्ट नाहीत : ‘मँगोज आर एक्स्पेन्सिव्ह’, द नाही. ‘तू आणलेले आंबे’ : ‘द मँगोज यू ब्रॉट’. निबंधांत ‘द नेचर’, ‘द सोसायटी’ भरपूर असतात. एकूण निसर्ग, एकूण समाज असा अर्थ असेल तर दोन्हींतला द काढा.

नावांचं पाठच करावं लागतं. नद्या, समुद्र, पर्वतरांगा यांना द लागतो : द गोदावरी, द अरेबियन सी, द वेस्टर्न घाट्स. गावं, राज्यं आणि एकेकटी शिखरं यांना नाही : सोलापूर, महाराष्ट्र, कळसूबाई. देशांपैकी ज्यांच्या नावात स्टेट्स, किंग्डम, रिपब्लिक असा शब्द आहे किंवा नाव अनेकवचनी आहे त्यांना लागतो : द युनायटेड किंग्डम, द नेदरलँड्स. स्वरापुढे उच्चार ‘दि’ असा होतो : दि ऑफिस, दि अवर.

प्रश्न : मी पाककृतींचे व्हिडिओ करते आणि खाली इंग्रजी मजकूर देते. ‘कट बाय नाइफ’, ‘कव्हर बाय लिड’ असं लिहिलं तर वाचकांनी चुका दाखवल्या. ‘ने’ला ‘बाय’ नाही तर काय? – एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : ‘ने’ हा मराठीतला फार कामसू प्रत्यय आहे. त्याचं एकेक काम वेगळं काढलं की पुढचं सोपं होतं.

करणारा माणूस दाखवणाऱ्या ‘ने’ला ‘बाय’ लागतो, तोही वाक्य कर्मणी असेल तेव्हाच : ‘आईने केलेले लाडू’, ‘लाडूज मेड बाय माय मदर’. हातात धरलेल्या साधनाच्या ‘ने’ला ‘विथ’ : सुरीने, चमच्याने, झाकणाने. म्हणून ‘विथ अ नाइफ’, ‘कव्हर विथ अ लिड’. ‘हाताने’ मात्र दोन्ही प्रकारे येतं. यंत्राने नाही, हाताने असा अर्थ असेल तर ‘बाय हँड’, मध्ये ‘अ’ नाही की ‘युवर’ नाही. प्रत्यक्ष हात घालून कालवा असं सांगायचं असेल तर ‘मिक्स विथ युवर हँड्स’.

वाहनाच्या ‘ने’ला ‘बाय’, पण वाहनाचं नाव एकटं असेल तेव्हाच : ‘बाय बस’. ‘पाचच्या बसने’ झालं की ‘ऑन द फाइव्ह ओ’क्लॉक बस’, ‘भावाच्या गाडीने’ झालं की ‘इन माय ब्रदर्स कार’. ज्या वाहनात उभं राहून दोन पावलं चालता येतं ते बहुधा ‘ऑन’ (बस, ट्रेन, विमान, बोट), ज्यात वाकून बसावं लागतं ते ‘इन’ (कार, टॅक्सी, रिक्षा).

फरकाच्या ‘ने’ला ‘बाय’ : भाव दहा रुपयांनी वाढला, ‘द प्राइस वेंट अप बाय टेन रुपीज’. वेळेच्या ‘ने’ला कधीच ‘बाय’ नाही : ‘तासाने ये’ हे ‘कम इन ॲन अवर’, ‘तो तासाने आला’ हे ‘ही केम ॲन अवर लेटर’. आजाराने किंवा भुकेने मृत्यू झाला तर ‘डाइड ऑफ’. आनंदाने, नशिबाने, सावकाशीने यांना इंग्रजीत बहुधा अव्ययाऐवजी ‘ली’ने संपणारा एकच शब्द पुरतो : हॅपिली, लकिली, स्लोली. ‘चुकीने’ हे मात्र ‘बाय मिस्टेक’.

आता तुमच्या मजकुराकडे वळू. पाककृतीच्या इंग्रजीत हे छोटे शब्द ठरलेले असतात आणि एकदा बसले की सुटत नाहीत. तुकडे करताना ‘इन’ नाही, ‘इनटू’ : ‘कट इनटू स्मॉल पीसेस’, ‘डिव्हाइड द डो इनटू एट पोर्शन्स’. एका वस्तूचं दुसरं काही होतं तिथे ‘इनटू’ येतो. अगदी बारीक वाटायचं तर मात्र ‘ग्राइंड टु अ फाइन पेस्ट’. पाण्यात भिजवायचं ते ‘सोक इन वॉटर फॉर फोर अवर्स’. चार तास ही लांबी, म्हणून फॉर. सोनेरी होईपर्यंत तळा : ‘फ्राय अनटिल गोल्डन’, मध्ये क्रियापद घातलं नाही तरी चालतं. मंद आचेवर : भारतीय वाचकांना ‘ऑन अ लो फ्लेम’ कळतं, बाहेरच्या पुस्तकांत ‘ओव्हर लो हीट’ असतं. ‘चवीनुसार मीठ’ला बरेच जण ‘ॲज पर टेस्ट’ लिहितात. रूढ प्रयोग ‘सॉल्ट टु टेस्ट’ आहे.

‘मेड’च्या पुढचा शब्दही नेहमी गोंधळ करतो. मूळ पदार्थ तसाच दिसत राहिला तर ‘ऑफ’ : पाटा दगडाचा, ‘मेड ऑफ स्टोन’. मूळ पदार्थ ओळखू येईनासा झाला तर ‘फ्रॉम’ : भाकरी ज्वारीची, ‘मेड फ्रॉम जोवार’. अनेक घटकांपैकी एक सांगायचा तर ‘विथ’ : सोलकढी नारळाच्या दुधाची, ‘मेड विथ कोकोनट मिल्क अँड कोकम’.

प्रश्न : मी पाच-सहा वर्षांपासून न्यू जर्सीत आहे. ‘आय विल डू इट टुडे इटसेल्फ’, ‘आय ॲम ॲट होम ओन्ली’ असं बोललं की सहकारी थबकतात. – एक वाचक

उत्तर : दोन्ही वाक्यांत मराठी ‘च’ बोलतोय : आजच करतो, घरीच आहे. भारतात ही वाक्यं सहज कळतात, कारण इथल्या बऱ्याच भाषांत असं अव्यय आहे. अमेरिकन माणसाला ‘ॲट होम ओन्ली’ ऐकून वाटतं, की काही तरी फक्त घरीच होतं, इतरत्र नाही.

‘च’ दोन प्रकारचा आहे. ‘मला चहाच हवा’ म्हणजे दुसरं काही नको. इथे ‘फक्त’ घालता येतं आणि इंग्रजीत ‘ओन्ली’ येतो. ‘आजच करतो’मध्ये नुसता जोर आहे, ‘फक्त आज’ असा अर्थ नाही. या जोराला इंग्रजीत बहुतेक वेळा शब्दच लागत नाही. ‘टुडे’वर आवाज चढवा, पुरेसं आहे. लेखनात हवा असेल तर ‘दिस व्हेरी डे’ किंवा ‘बाय द एंड ऑफ टुडे’.

‘ओन्ली’ खरंच हवा असेल तेव्हा तो कुठे ठेवायचा हे मराठीवरून ठरवता येतं : मराठीत ‘च’ ज्या शब्दाला लागेल त्याच्या लगेच आधी. ‘ओन्ली सीमा पेड हंड्रेड डॉलर्स’ (सीमानेच दिले, बाकी कुणी नाही). ‘सीमा पेड ओन्ली हंड्रेड डॉलर्स’ (शंभरच दिले, जास्त नाही). बोलताना इंग्रजी भाषक हा शब्द क्रियापदाआधी ठेवून मोकळे होतात, पण पैशांच्या आणि अटींच्या लेखी मजकुरात जागा नेमकीच ठेवा.

‘ही’, ‘सुद्धा’ यांचंही एक सांगून ठेवतो. होकारात ‘आय वाँट इट टू’, पण ‘मलाही नको’ला ‘आय ऑल्सो डोन्ट वाँट’ नाही. नकारात ‘आयदर’ येतो : ‘आय डोन्ट वाँट इट आयदर’.

प्रश्न : फ्लॅटच्या करारनाम्यात शॅल, मे, नॉटविथस्टँडिंग, सब्जेक्ट टु, प्रोव्हायडेड दॅट असे शब्द जागोजागी आहेत. सर्वसामान्य माणसाने ते कसे वाचावेत? – एक वाचक, ठाणे

उत्तर : पेन्सिल घेऊन वाचावेत. आमचं उत्तर भाषेपुरतं आहे. सहीआधी मसुदा वकिलाला दाखवाच. पण दाखवण्यापूर्वी हे पाच शब्द अधोरेखित केलेत, तर काय विचारायचं ते तुमचं तुम्हाला कळेल.

‘शॅल’ म्हणजे करायलाच हवं, ‘मे’ म्हणजे करू शकतो, वाटलं तर. ‘द प्रमोटर शॅल…’ आणि ‘द प्रमोटर मे…’ यांत सगळा फरक आहे. २०१६च्या रेरा कायद्यात प्रकल्प उभारणाऱ्याला प्रमोटर आणि फ्लॅट घेणाऱ्याला अलॉटी म्हटलं आहे. करारातली शॅलची वाक्यं दोन रकान्यांत मांडा, प्रमोटरवर किती आणि अलॉटीवर किती. ओझं कुणाकडे झुकलंय ते लगेच दिसतं. (वाद न्यायालयात गेला तर शॅल बंधनकारकच होता का, हे संदर्भावरूनही ठरवलं जातं. पण सही करताना तो बंधनकारक आहे असं धरूनच चाला.)

‘नॉटविथस्टँडिंग’ आणि ‘सब्जेक्ट टु’ हे दोन शब्द बरोबर उलटे आहेत आणि सर्वांत जास्त नुकसान यांच्या गोंधळातून होतं. बाराव्या कलमात ‘नॉटविथस्टँडिंग क्लॉज ७’ असेल, तर सातव्या कलमात काहीही असलं तरी बारावं वरचढ. ‘सब्जेक्ट टु क्लॉज ७’ असेल, तर सातवं वरचढ. बारावं त्याच्या अधीन. मराठी कायद्यांत यांना ‘काहीही असले तरी’ आणि ‘च्या अधीन राहून’ असे नेमके प्रतिशब्द आहेत. यांतला कोणताही शब्द दिसला की ते दुसरं कलम लगेच काढून वाचा. समजा, सातव्यात ताब्याची तारीख आहे आणि बाराव्यात ‘नॉटविथस्टँडिंग क्लॉज ७’ म्हणत मुदतवाढीची सोय आहे. मग त्या तारखेला किती वजन उरलं ते बारावं कलम सांगेल.

‘प्रोव्हायडेड दॅट’ वाक्याच्या मध्ये आला तर ‘या अटीवर की’. नवं वाक्य त्याने सुरू झालं तर ते परंतुक : वर दिलेल्या नियमाला घातलेला अपवाद. परंतुक एकटं वाचू नका. ते वरच्या नियमातून काय काढून घेतंय हे पाहा. ‘इन्क्लूडिंग बट नॉट लिमिटेड टु’ म्हणजे पुढची यादी पूर्ण नाही, तिच्याबाहेरचे खर्चही येऊ शकतात. देखभाल शुल्काच्या कलमात हा शब्दसमूह असेल तर पूर्ण यादी लेखी मागा. ‘विदाउट प्रेज्युडिस टु’ म्हणजे अमुक हक्काला बाध न येता : एक उपाय केला म्हणून दुसरा हक्क सोडला असं होत नाही.

प्रश्न : ‘आय.ई.’ आणि ‘ई.जी.’ यांत फरक काय? – एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : दोन्ही लॅटिनमधून आलेली संक्षेपं. ‘आय.ई.’ हे ‘इद एस्त’चं, अर्थ ‘म्हणजे’. त्यापुढे तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत, पूर्ण. ‘ई.जी.’ हे ‘एग्झेम्प्ली ग्रातिया’चं, अर्थ ‘उदाहरणार्थ’, त्यापुढे नमुने. सूचनेत ‘मूळ कागदपत्रं आणा, आय.ई. आधार आणि पॅन’ असेल तर दोनच कागद न्यायचे. ‘ई.जी. आधार, पॅन’ असेल तर तिसराही चालू शकतो किंवा मागितला जाऊ शकतो. ‘ई.जी.’ने सुरू झालेल्या यादीच्या शेवटी ‘एटसेट्रा’ नको. नमुनेच आहेत हे आधी सांगून झालंय. आणि ‘अँड एटसेट्रा’ कधीच नको, कारण त्यातल्या लॅटिन ‘एत’चा अर्थच ‘आणि’ आहे.